लॉगमधली साडेपाच तास मागची ओळ

दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे तो काय काय करतोय त्याच्या नोंदवहीत, धडाधड ओळी पडताहेत, १४:२०:०७, १४:२०:०७, आणि मधेच एक ओळ ०८:५०:०७. पुढची परत १४:२०:०७. बाकी काही बिघडलेलं नाही, काम झालंय, कस्टमरचा फोन नाही, फक्त ती एक ओळ सकाळी नऊला दहा कमी असताना लिहिल्यासारखी.

आठवड्यातून दोनतीनदा हे व्हायचं. मी आधी ज्या कंपनीत होतो तिथली गोष्ट आहे, पुण्यातली, नाव नको. कुणीतरी तक्रारीचं तिकीट टाकलं, आम्ही त्यावर लो प्रायॉरिटीचा शिक्का मारला आणि विसरलो, कारण लॉगमधल्या एका ओळीची वेळ चुकली म्हणून कोण रडत बसणार. मग एका दुपारी सर्व्हर साडेपाच तास मागे गेला तो परत आलाच नाही. रात्री कुणीतरी रिस्टार्ट केला तेव्हा तो भारतात परतला. तोपर्यंत एका कारखान्याच्या सेकंड शिफ्टचं अर्ध्याहून जास्त काम फर्स्ट शिफ्टच्या खात्यात जमा झालेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जो फोन आला तो काही लो प्रायॉरिटीचा नव्हता.

साडेपाच तास म्हटलं की आपल्याकडच्या कुठल्याही प्रोग्रामरचे कान टवकारतात, कारण भारताची वेळ यूटीसीच्या, म्हणजे जुन्या भाषेत ग्रिनिचच्या, बरोब्बर ५ तास ३० मिनिटं पुढे. म्हणजे घड्याळ बिघडलेलं नव्हतं, सर्व्हर क्षणभर स्वतःला ग्रिनिचला समजत होता आणि लगेच शुद्धीवर येत होता. असं का, ते सांगायचं तर आधी थ्रेड म्हणजे काय ते बघावं लागेल.

एका प्रोग्राममध्ये एकाच वेळी अनेक कामं चालू ठेवायची तर त्याचे अनेक थ्रेड करतात. एका घरात चार माणसं आपापली कामं करताहेत असं समजा. ओटा एक, फ्रिज एक आणि भिंतीवरचं कॅलेंडर पण एकच. थ्रेडचा फायदा हाच की सगळी मेमरी सगळ्यांची, काही पाठवाय-मागवायची गरज नाही, हात लांब केला की मिळतं. तोटाही तोच.

दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहायची पद्धत घ्या. आईने बघितलं, आतापर्यंत २३ लिटर झालंय, आज एक लिटर आलं, म्हणजे २४, आणि पेन शोधायला आत गेली. तेवढ्यात बाबांनी पण दुसरी पिशवी घेतली, कॅलेंडर बघितलं, तिथे अजून २३ च, त्यांनी २४ लिहिलं. आई आली, तिने पण २४ लिहिलं. दूध आलं दोन लिटर, हिशेबात वाढलं एक. दोघांचंही गणित बरोबर, चूक फक्त बघणं आणि लिहिणं यांच्या मधल्या फटीत आहे. याला रेस कंडिशन म्हणतात, उत्तर कोण आधी पोचलं यावर ठरतं म्हणून.

कॉम्प्युटरमध्ये 'आकड्यात एक मिळव' ही आपल्याला एकच कृती वाटते पण प्रोसेसरसाठी त्या तीन असतात, मेमरीतून आकडा उचल, एक मिळव, परत ठेव. घरी करून बघायचं असेल तर दोन थ्रेड करा, दोघांना एकाच आकड्यात दहा-दहा लाख वेळा एक मिळवायला सांगा. उत्तर २० लाख यायला हवं, येत नाही, दर वेळी वेगळं आणि बहुतेक वेळा बरंच कमी येतं. आणि इथे एक गंमत आहे जी पहिल्यांदा बघितली तेव्हा मी बराच वेळ डोकं धरून बसलो होतो, कंपाइलरचं (आपला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करायची सोय, चालू केलं की उत्तर एकदम बरोबर यायला लागतं! कारण कंपाइलर म्हणतो, दहा लाख वेळा एक कशाला, एकदाच दहा लाख मिळवतो. फट दहा लाखांवरून एकावर आली, गेली नाही. प्रोग्राम चुकीचाच आहे, फक्त आता तो पकडला जात नाही.

पकडला जात नाही हेच या बग्जचं, म्हणजे प्रोग्राममधल्या असल्या चुकांचं, खरं दुखणं. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातला ओंटारिओ मिळून सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले त्यामागे बरीच कारणं होती, झाडाला टेकलेल्या तारांपासून सगळी, पण त्यातलं एक म्हणजे ओहायोतल्या वीज कंपनीच्या कंट्रोल रूममधली अलार्म यंत्रणा मुकी झाली होती आणि ती मुकी झालीय हे तासाभराहून जास्त वेळ कुणाला कळलंच नाही. नंतर कोड विंचरून काढला तर रेस कंडिशन सापडली. बनवणाऱ्या कंपनीने सांगितलं की ते सॉफ्टवेअर त्याआधी ३० लाख तासांहून जास्त चाललं होतं आणि त्यात एकदाही हा प्रसंग आला नव्हता. टेस्टिंग करून करून माणूस किती करणार.

आता लायब्ररीकडे येऊ. प्रत्येक प्रोग्राम स्वतः सगळं करत नाही, वेळ विचारणं, फाइल उघडणं, मेमरी मागणं असली रोजची कामं सिस्टिम लायब्ररी करून देते. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी ती जीलिबसी असते. तुम्ही पायथन भाषेत लिहा, रस्ट भाषेत लिहा, तळाशी बऱ्याचदा तीच बसलेली असते. आणि तिच्यातली कित्येक फंक्शन्स, म्हणजे एकेक काम करून देणारे कोडचे तयार तुकडे, १९७० च्या दशकातल्या युनिक्समधून आलीत, तेव्हा थ्रेड ही भानगडच नव्हती, घरात माणूस एकटाच राहायचा. थ्रेडचं पॉझिक्स, म्हणजे युनिक्ससारख्या सगळ्या सिस्टिम्ससाठीचं, स्टँडर्ड आलं १९९५ ला आणि खुद्द सी भाषेला थ्रेड म्हणजे काय हे अधिकृतपणे कळलं २०११ ला. मधली सोळा वर्षं थ्रेड वापरून सी मध्ये लिहिलेला सगळा कोड अशा भाषेत होता जिच्या व्याकरणात थ्रेड हा शब्दच नाही. २००५ मध्ये हान्स बोएम या संगणकशास्त्रज्ञांनी यावर एक पेपर लिहिला, मुद्दा असा की नुसती लायब्ररी जोडून भाषेत थ्रेड आणता येत नाहीत, कंपाइलरला पण ते माहीत पाहिजेत. शीर्षकातच सगळं सांगून टाकणारा पेपर होता तो.

जुन्या फंक्शन्सचा एक ठेवणीतला नमुना म्हणजे लोकलटाइम. याला एका ठरावीक क्षणापासून मोजलेल्या सेकंदांचा आकडा दिला की तो तारीख-वार-वेळ करून देतो. पण देतो कसा, तर ऑफिसात एकच पाटी ठेवलीय, तिच्यावर उत्तर लिहितो आणि म्हणतो, जा, पाटीवर बघ. तुम्ही पाटीपाशी पोचेपर्यंत दुसऱ्या कुणी काही विचारलं असेल तर पाटीवर त्याचं उत्तर. बरं, त्याचा भाऊ जीएमटाइम, तो पण हीच पाटी वापरतो. स्ट्रटोक नावाचं वाक्य तोडणारं फंक्शन तर याहून भारी, आपण कुठपर्यंत आलो हे ते स्वतःच्याच खिशात लपवून ठेवतं, दोन थ्रेडनी दोन वेगळी वाक्यं दिली की दोन्हींची भेळ.

यावर उपाय निघाला, पाटी आपापली आणा. लोकलटाइम अंडरस्कोर आर असं नवं फंक्शन आलं ज्याला उत्तर लिहायची जागा तुम्हीच द्यायची. स्ट्रटोकलाही तसंच शेपूट लागलं. शेवटची चूक काय होती ते सांगणारा एररनो हा पूर्वी सगळ्या प्रोग्रामला मिळून एकच आकडा होता, तो गुपचूप प्रत्येक थ्रेडला वेगळा करून टाकला, जुना कोड न बदलता, हे काम मला फार सुबक वाटतं.

पण एका गोष्टीला हे करताच आलं नाही, ती म्हणजे एन्व्हायर्नमेंट.

प्रत्येक प्रोग्रामला सुरू होताना नाव-किंमत अशा जोड्यांची एक यादी मिळते, घर कुठलं, भाषा कुठली, टाइमझोन कुठला. टाइमझोनच्या नोंदीचं नाव टीझेड. यादी वाचायची तर गेटएन्व्ह, बदलायची तर सेटएन्व्ह. सोसायटीच्या जिन्याखाली नावांची पाटी असते तसं समजा, फ्लॅट नंबर आणि पुढे नाव. गेटएन्व्ह म्हणजे पोस्टमन, वरून एकेका नावावर बोट ठेवत खाली येतो. सेटएन्व्ह म्हणजे सेक्रेटरी. नवं नाव लिहायला पाटीवर जागा नसली की सेक्रेटरी मोठी पाटी आणतो, सगळी नावं तिच्यावर उतरवतो, नवी लटकवतो आणि जुनी भंगारवाल्याला देतो. पोस्टमन जर त्या वेळी जुन्या पाटीवर पाचव्या नावाशी असेल तर सहाव्या नावावर बोट ठेवायला जातो तेव्हा तिथे पाटीच नाही. किंवा भंगारवाल्याने त्यावर शेंगदाण्याचा भाव लिहिलाय आणि हा तो फ्लॅट नंबर म्हणून वाचतोय. प्रोग्रामच्या भाषेत सांगायचं तर सोडून दिलेली मेमरी वाचली गेली, नशीब चांगलं असेल तर तिथेच क्रॅश.

मग कुलूप लावा ना, म्हणजे एकाचं होईपर्यंत दुसरा थांबेल, असं कुणीही म्हणेल. लावलेलं आहे. जीलिबसीच्या सेटएन्व्हमध्ये कुलूप आहे, त्यामुळे दोन सेक्रेटरी एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत. पण गेटएन्व्ह ते कुलूप बघतच नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची रीत आहे ती चालते कारण आत शिरणारा प्रत्येक जण रुमालाचा मान ठेवतो, एकाने रुमाल बाजूला सारून बैठक मारली की संपलं. आणि समजा गेटएन्व्हलाही कुलूप लावलं तरी भागत नाही, कारण ते काम झाल्यावर तुम्हाला नाव लिहून देत नाही, पाटीवरच्या नावाकडे बोट दाखवून जातं. बोट दाखवलं, कुलूप उघडलं, गेला, तुम्ही बघताय त्या क्षणी त्या ओळीचं काय झालंय याची हमी कुणी द्यायची? भरीस भर म्हणजे ती पाटी म्हणजे एन्व्हायरॉन नावाचा उघडा व्हेरिएबल आहे, कुठलाही प्रोग्राम फंक्शनला न विचारता थेट वाचू शकतो, लिहू शकतो. विंडोजवालं फंक्शन नाव तुमच्या कागदावर उतरवून देतं. जावाने तर चालू प्रोग्रामला आपली यादी बदलायची सोयच दिली नाही, विषय संपला.

म्हणजे इथे कुठला प्रोग्रामर झोपला होता असं नाही. बग कोडच्या ओळीत नाहीच, फंक्शन वापरणाऱ्याला काय देतं या १९७९ च्या आसपासच्या करारात आहे, आणि तो करार मोडला तर जगातले निम्मे प्रोग्राम मोडतील.

मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं आहे बरं का. लिनक्सच्या मॅन पेजवर प्रत्येक फंक्शनसमोर ते थ्रेडसाठी सुरक्षित आहे की नाही याचा शेरा असतो. सेटएन्व्हसमोर 'असुरक्षित' आहे. गेटएन्व्हसमोर 'सुरक्षित' आहे आणि पुढे बारीक 'एन्व्ह' असा शब्द, त्याचा अर्थ, सुरक्षित आहे पण कुणी एन्व्हायर्नमेंट बदलत नसेल तरच. जाहिरातीतली 'अटी लागू' वाली चांदणी.

रस्टवाल्यांना याचा चांगलाच चटका बसला. त्यांची भाषा मेमरीच्या चुका होऊच देत नाही अशी ख्याती, एन्व्हायर्नमेंटसाठी त्यांनी स्वतःचं कुलूपही ठेवलेलं, पण ते कुलूप रस्टचा कोड पाळणार, शेजारी बसलेला सी चा कोड कशाला पाळेल? लोकलटाइम अंडरस्कोर आर ला वेळ विचारली की ते आतून टीझेड बघू शकतं, टीझेड बघायला पाटीपाशी जातं, आणि त्याच वेळी दुसऱ्या थ्रेडमध्ये रस्टचा कोड पाटी बदलत असेल तर क्रॅश. नुसतं किती वाजले विचारल्यावर! टाइम आणि क्रोनो या दोन नावाजलेल्या लायब्ऱ्यांवर यासाठी सुरक्षेच्या सूचना निघाल्या, दोन्हींच्या नंबरात २०२० साल आहे. क्रोनोवाल्यांनी शेवटी सी च्या लायब्ररीला वेळ विचारणंच सोडलं, टाइमझोनची फाइल आपली आपण वाचायला लागले. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रस्टची २०२४ आवृत्ती आली तिच्यात एन्व्हायर्नमेंट बदलणारं फंक्शन 'असुरक्षित' ठरवून टाकलं, वापरायचं तर जबाबदारी घेतो असं लिहून द्यावं लागतं. दहा वर्षं जे सुरक्षित म्हणून विकलं त्याला असं जाहीर नाव ठेवायला हिंमत लागते.

आमच्या सर्व्हरचं काय झालं होतं ते आता सांगता येईल.

आधी आम्ही सगळ्यांसारखंच केलं, संशय आला तिथे जास्तीच्या ओळी छापायला लावल्या. बग गायब. ओळी काढल्या, बग हजर. यात भुताटकी काही नाही, प्रिंट करणाऱ्या फंक्शनच्या आत स्वतःचं कुलूप असतं, त्यामुळे सगळे थ्रेड तिथे रांगेत उभे राहिले आणि फट बुजली. मग थ्रेड सॅनिटायझर लावून बघितलं, हे साधन मेमरीच्या प्रत्येक वाचण्या-लिहिण्यावर नजर ठेवतं, प्रोग्राम ५ ते १५ पट हळू होतो पण रेस पकडतं. मात्र जो कोड त्याच्यासाठी मुद्दाम कंपाइल केलेला नाही तिथे त्याला नीट दिसत नाही, आणि आमचा चोर नेमका बाहेरून आणलेल्या एका तयार लायब्ररीत बसला होता.

सापडला तो असा. बाहेरून येणाऱ्या फाइलींमध्ये यूटीसीतल्या तारखा असायच्या आणि त्यांचे सेकंद करायला त्या लायब्ररीत आठदहा ओळींचं एक छोटंसं फंक्शन होतं. टीझेडची जुनी किंमत बाजूला ठेव, टीझेड रिकामं कर म्हणजे सगळीकडे यूटीसी होईल, तारखेचे सेकंद काढ, टीझेड होतं तसं परत ठेव. काही मायक्रोसेकंदांचा खेळ. पण टीझेड हे त्या थ्रेडचं नसतं, सगळ्या घराचं असतं. एकाने हिशेबापुरतं भिंतीवरचं घड्याळ साडेपाच तास मागे केलं आणि लगेच पुढे आणलं, मधल्या क्षणात कुणी घड्याळाकडे बघितलं तर त्याला नऊला दहा कमी दिसणारच. लॉग लिहिणारा थ्रेड आठवड्यातून दोनतीनदा नेमका तेव्हाच बघत होता, आणि तो बिचारा अंडरस्कोर आर वालंच फंक्शन वापरत होता, उत्तराची पाटी स्वतःची होती पण घड्याळ सामायिक.

आणि ती दुपार? त्या दिवशी दोन फाइली एकदम आल्या, दोन थ्रेडनी घेतल्या. पहिल्याने जुनी किंमत बघितली, टीझेडची नोंदच नाही (नोंद नसली की सर्व्हर आपल्या मूळ सेटिंगची, म्हणजे भारताची वेळ धरतो), तेवढं लक्षात ठेवलं, टीझेड रिकामं करून यूटीसी केलं. तेवढ्यात दुसऱ्याने जुनी किंमत बघितली, त्याला दिसलं यूटीसी, त्याने तेच लक्षात ठेवलं. पहिल्याचं काम झालं, त्याने प्रामाणिकपणे भारत परत ठेवला. दुसऱ्याचं काम झालं, त्यानेही तितक्याच प्रामाणिकपणे आपल्याला 'मिळालेलं' यूटीसी परत ठेवलं. त्यानंतर येणारा प्रत्येक थ्रेड यूटीसी बघायचा आणि यूटीसीच परत ठेवायचा. दुधाच्या हिशेबासारखीच फट, फक्त इथे एक लिटर नाही, अख्खा देश हरवला.

हे कळल्यावर मला वेळेपेक्षा जिन्याखालच्या पाटीचीच धास्ती जास्त वाटली. इतके महिने चालत्या सर्व्हरवर कुणीतरी तासातासाला सेक्रेटरीगिरी करत होतं आणि जुनी पाटी भंगारात जात असताना एकही पोस्टमन तिथे सापडला नाही, सर्व्हर एकदाही क्रॅश झाला नाही. त्याला कौशल्य म्हणता येत नाही.

जीलिबसीने यावर जानेवारी २०२५ च्या २.४१ आवृत्तीत जे केलंय ते मला पटलं. करार तसाच ठेवला, आणि जुनी पाटी भंगारात द्यायची बंद केली. मोठी पाटी लागली की आणायची, जुनी माळ्यावर टाकायची, कधीच फेकायची नाही, म्हणजे पोस्टमन तिच्यापाशी उभा असला तरी त्याला जुनी का होईना खरी नावं वाचायला मिळतात. माळा भरू नये म्हणून प्रत्येक नवी पाटी आधीच्यापेक्षा चांगली ऐसपैस घ्यायची, म्हणजे बदलायची वेळच क्वचित येते. वाचता वाचता कुणी मधलं नाव पुसलं असं लक्षात आलं तर पोस्टमन पुन्हा पहिल्यापासून वाचतो. मेमरी मुद्दाम सांडायची, आणि ती किती सांडेल याचा हिशेब आधीच करून ठेवायचा! स्वच्छतेची आवड असलेल्या माणसाला हे बघवणार नाही, पण क्रॅशपेक्षा माळ्यावरचा पसारा परवडला. अर्थात एन्व्हायरॉनला थेट हात घालणाऱ्यांचं यानेही काही होत नाही, आणि आमचा देश हरवणारा बग तर नव्या जीलिबसीवरही जसाच्या तसा चालेल, कारण त्यात मेमरी कुठेच चुकीची वाचलेली नाही.

आमची दुरुस्ती एका ओळीची होती. टाइमजीएम नावाचं फंक्शन जीलिबसीत आहेच, यूटीसीच्या तारखेचे सेकंद काढतं आणि टीझेडला हात लावत नाही. मग त्या लायब्ररीवाल्यांनी हा द्राविडी प्राणायाम का केला होता? टाइमजीएम सगळ्या सिस्टिम्सवर नसायचं, म्हणून त्याच्या मॅन पेजवरच, कुठेही चालेल असा पर्याय म्हणून ती टीझेड बदलायची कृती दिलेली असायची, आणि ती वर्षानुवर्षं लोकांनी जशीच्या तशी उतरवून घेतलीय.

ओळ बदलल्यावर आम्ही सगळ्या सोर्समध्ये सेटएन्व्ह शोधलं. आणखी चार ठिकाणी निघालं. तीन अगदी सुरुवातीला, एकही थ्रेड उभा व्हायच्या आधी, तिथे ते बिनधोक असतं, ते ठेवले. चौथं माझ्याच नावावर होतं, टेस्टपुरतं म्हणून टाकलेलं, सव्वा वर्षापूर्वी.